ज्येष्ठांचा खेळगट सुरू करायचाय? मग इथून सुरुवात करा

ज्येष्ठांसाठी उपक्रम म्हटला की साचा ठरलेला असतो. मोठा फलक, उद्घाटन, डॉक्टरांचं व्याख्यान, रक्तदाब तपासणी आणि शेवटी सगळ्यांनी उभं राहून हात वर-खाली. पहिल्या दिवशी खुर्च्या कमी पडतात आणि महिन्याभरात संयोजक आणि त्याचे दोन मित्र तेवढे उरतात. मग "या वयात लोकांना उत्साहच नसतो" असं म्हणून सगळे मोकळे होतात. उत्साह नसता तर ते पहिल्या दिवशी आलेच नसते. पुन्हा यावंसं वाटावं असं तिथे काही नव्हतं, इतकंच.

नव्याने असा गट उभा करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. तुम्ही प्रशिक्षक नाही, हाताशी फार पैसे नाहीत आणि दहा-बारा माणसं जमतील अशी आशा आहे, एवढं गृहीत धरलं आहे. सुरुवातीला याहून जास्त काही लागतही नाही.

पायरी १ : आधी कान द्या

जागा, वेळ, खेळ यांतलं काहीही ठरवण्याआधी दहा-पंधरा जणांशी बोला, आणि एकेकाशी बोला. सभेत सगळेच "छान कल्पना आहे" म्हणतात आणि घरी जातात. "व्यायाम करायला आवडेल का?" असंही विचारू नका, कारण त्याचं उत्तर नेहमी "हो" येतं. त्यापेक्षा विचारा : लहानपणी काय खेळायचात? शेवटचं कधी खेळलात? का सुटलं? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून तुमचा निम्मा आराखडा तयार होतो.

कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला घरात आजारी जोडीदाराचं करावं लागतं, कोणाच्या नातवंडांच्या शाळेची वेळ आड येते. कोणी मागे एकदा पडलेलं असतं आणि तेव्हापासून धास्ती बसलेली असते. ही धास्ती हलक्यात घेऊ नका. माणूस पडण्याच्या भीतीने हालचाल कमी करतो, त्याने पाय आणखी दुबळे होतात आणि पडण्याची शक्यता उलट वाढते. अशा माणसाला मैदानावर यायला सांगण्याआधी भिंतीजवळ, खुर्चीला धरून करण्याजोगं काहीतरी द्यावं लागतं.

एक अडचण मात्र तुम्हाला कोणी सांगणार नाही : लघवीवर ताबा न राहण्याची. जवळ स्वच्छ स्वच्छतागृह नसेल तर बरेच जण, विशेषतः स्त्रिया, काहीतरी दुसरंच कारण सांगून टाळतात. आल्याच तर पाणी पीत नाहीत, आणि ते जास्त वाईट.

"आम्ही कुठे कधी खेळलोय" असं म्हणणाऱ्या स्त्रिया भेटतील. त्याला नकार समजू नका. त्यांना खेळ समजावून सांगत बसण्यापेक्षा हातात मऊ चेंडू द्या आणि समोर उभे राहा. चेंडू परत येतोच.

पायरी २ : शरीराला नेमकं काय लागतं ते समजून घ्या

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांपुढच्या व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल करावी. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्ही वापरावे लागतील असे प्रकार करावेत. मध्यम वेग ओळखायची सोपी खूण अशी, की हालचाल चालू असताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही.

हे आकडे तुम्हाला माहीत असू द्या, पण फलकावर लिहू नका. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून असलेल्या माणसाला १५० मिनिटं हा आकडा डोंगराएवढा वाटतो. त्याच सूचनांमध्ये हेही म्हटलं आहे की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, आणि हे वाक्य फलकावर लिहायला हरकत नाही. दिवसाला दहा हजार पावलांचंही तसंच. हा आकडा रूढ झाला तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्रामुळे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांमध्ये, दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळलं. ७,५०० पावलांच्या पुढे फारसा फरक दिसला नाही. अशा अभ्यासातून फक्त चालण्यानेच आयुष्य वाढलं असं सिद्ध होत नाही, हे खरं. तरी दहा हजारांच्या नावाखाली कोणाला घाबरवायचं कारण नाही, हे कळायला तो पुरेसा आहे.

बहुतेक गट चालण्यावरच थांबतात. चालणं चांगलंच, पण खुर्चीतून उठणं, जिना चढणं, पाय अडखळला तर स्वतःला सावरणं ही कामं मांड्यांच्या ताकदीवर आणि तोलावर चालतात, आणि नुसत्या चालण्याने ती पुरेशी राखली जात नाहीत. "आता या वयात ताकद कुठून येणार?" असं कोणी म्हणालं तर त्यांना १९९० चा बॉस्टनमधला प्रयोग सांगा. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांसाठी वजनाचे, चांगले जड व्यायाम दिले. नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग छोटा होता आणि देखरेख कडक होती, तेव्हा उद्यापासून सगळ्यांच्या हातात डंबेल देऊ नका. पण नव्वदीतला स्नायूही काम दिलं की प्रतिसाद देतो, एवढं त्यातून नक्की झालं.

तोलाचंही तसंच. समाजात स्वतंत्रपणे राहणाऱ्या ज्येष्ठांवरच्या शंभराहून अधिक चाचण्या एकत्र करून २०१९ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आढावा घेतला. त्यात व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तोल आणि दैनंदिन हालचालींच्या व्यायामाला ताकदीचे व्यायाम जोडले तिथे घट याहून जास्त होती.

पायरी ३ : जागा आणि वेळ

सपाट, न घसरणारी जमीन, स्वच्छतागृह, सावली, पिण्याचं पाणी आणि टेकायला हात नसलेल्या मजबूत खुर्च्या, एवढं हवं. उंबरा, पायरी, गालिच्याची दुमडलेली कड हे सगळं एकदा स्वतः चालून पाहा. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांना खालची पायरी धूसर दिसते, म्हणून पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी चिकटवा. वेळ सकाळची की संध्याकाळची यावर वाद होतील. बहुमताने ठरवा, पण अंधार पडायच्या आत सगळे घरी पोचतील असं बघा. वार आणि वेळ एकदा ठरले की बदलू नका.

पायरी ४ : सुरक्षितता, पण बाऊ न करता

प्रत्येकाकडून डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागणारे गट मी पाहिले आहेत. त्याने अपघात कमी होतात की नाही कोण जाणे, माणसं मात्र हमखास कमी होतात. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी प्रत्येकासोबत पाच मिनिटं बसून काही प्रश्न विचारा. छातीत दुखतं का? श्रमाने नेहमीपेक्षा जास्त धाप लागते का? गेल्या वर्षभरात चक्कर येऊन पडलात किंवा शुद्ध हरपली का? हाडं ठिसूळ असल्याचं सांगितलंय का? अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का? औषधं कोणती चालू आहेत? यातलं काही निघालं तर आधी डॉक्टरांशी बोलून या म्हणा. बाकीच्यांनी सौम्य सुरुवात करायला हरकत नसते.

औषधांबद्दल चार गोष्टी संयोजकाला माहीत हव्यात. बीटा ब्लॉकर गटातली (रक्तदाब, हृदयविकारासाठी देतात ती) औषधं घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला आकडा बघून श्रम ठरवू नका. बोलता येतंय का, तेवढं बघा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना खाली वाकून किंवा जमिनीवरून झटकन उठलं की भोवळ येऊ शकते. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर श्रमाने साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून खिशात गोड काहीतरी हवंच. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या असतील तर उन्हाळ्यात जपा. वयानुसार तहानेची जाणीवही मंदावते, तेव्हा "तहान लागली की पाणी पितो" यावर विसंबू नका, मध्येच थांबून सगळ्यांना पाणी प्यायला लावा.

ठिसूळ हाडं असणाऱ्यांना पाठीतून पुढे वाकून पायाचे अंगठे धरायला लावू नका, जोरात पीळही देऊ नका. जोर लावताना श्वास रोखून धरायची सवय बहुतेकांना असते आणि त्याने रक्तदाब उसळतो. उठताना आकडे मोठ्याने म्हणायला लावा, श्वास आपोआप सुटतो. पायात सपाता, चपला नकोत, मागून बंद बूट हवेत.

खेळताना छातीत दुखलं, जबडा किंवा हात भरून आला, दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळलं किंवा चेहरा एका बाजूला ओढला गेला, तर खेळ तिथेच थांबवून लगेच रुग्णवाहिका बोलवायची. "थोडं बसा, बरं वाटेल" म्हणत वेळ घालवायचा नाही. घरच्यांचे फोन नंबर कागदावर लिहून जागेवरच ठेवा, आणि किमान दोघांनी प्रथमोपचार आणि हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण घ्या.

इतकं केलं की मग सारखं "बसा, बसा, दमाल" म्हणणं सोडा. दम लागणं हा खेळाचाच भाग आहे. प्रत्येक वेळी खुर्ची पुढे करणारा स्वयंसेवक माणसाच्या मनात तो दुबळा आहे हे पक्कं करत असतो.

पायरी ५ : माणसाला नाही, खेळाला वाकवा

मला या कामातला सगळ्यात मजेचा भाग हाच वाटतो. खेळाचे नियम दगडावर कोरलेले नसतात. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ला सिओता गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संधिवाताने बेजार झालेल्या एका खेळाडूला, लक्ष्याच्या जवळात जवळ गोळे टाकण्याच्या तिथल्या खेळात, धावत येऊन गोळा फेकणं जमेना. मग पाय जागेवर ठेवून गोळा टाकायचा असा नियम केला गेला आणि त्यातून पेटांक हा खेळ जन्माला आला. आज तो तरुणही खेळतात. २०११ साली इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड इथे चालत खेळायच्या फुटबॉलने असंच मूळ धरलं. धावायचं नाही, एक पाय कायम जमिनीवर, धसमुसळेपणा नाही, चेंडू फार उंच उडवायचा नाही. धावलात की चेंडू समोरच्या संघाला. गुडघे गेले म्हणून फुटबॉल सोडलेली माणसं त्यात पुन्हा रमली.

तुम्हालाही हे करता येतं. मैदान लहान करा, जाळी खाली आणा, चेंडू मोठा, हलका आणि मंद घ्या, एका टप्प्याऐवजी दोन टप्पे चालवून घ्या, सर्व्हिस खालून करू द्या. व्हॉलीबॉल अवघड जात असेल तर समुद्रकिनाऱ्यावर खेळतात तो हवेचा मोठा चेंडू घेऊन खुर्चीत बसून खेळा. हसू आणि घाम दोन्ही येतात. ज्यांना उभं राहता येतं आणि ज्यांना येत नाही अशांना एकाच संघात घ्या, वेगळी "दुबळ्यांची रांग" लावू नका.

बॅडमिंटन, टेबल टेनिस, पिकलबॉल (लहान कोर्टवर फळीसारख्या बॅटने खेळायचा खेळ) हे जोडीने खेळायचे खेळ छान जमतात, कारण अंतर कमी कापावं लागतं आणि गप्पा होतात. फक्त एक नियम पहिल्याच दिवशी सांगा : डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी उलट पावली मागे पळायचं नाही. या वयात रॅकेटच्या खेळात वाईट पद्धतीने पडायला होतं ते बरेचदा इथेच, आणि तेव्हा मनगट किंवा खुबा सापडतो. तो गुण सोडून द्या, किंवा आधी पूर्ण वळा आणि मग चाला. सांध्यांचा त्रास जास्त असेल तर कमरेएवढ्या पाण्यातल्या हालचाली उत्तम, पण पोहण्याचा तलाव आणि जीवरक्षक दोन्ही हाताशी असतील तरच. नाचाला कमी लेखू नका. पावलं लक्षात ठेवणं, दिशा बदलणं, एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकणं हे सगळं त्यात असतं, आणि त्याला व्यायाम म्हणावंही लागत नाही.

पायरी ६ : एक तास कसा जावा

पहिली दहा मिनिटं जागच्या जागी चालणं, खांदे-घोटे फिरवणं. मग पंधरा मिनिटं ताकद आणि तोल : खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, एका पावलापुढे दुसरं लावत सरळ रेषेत चालणं. धरायला खुर्ची किंवा भिंत प्रत्येकाच्या हाताच्या अंतरावर हवी. मग खेळ, अर्धा तास, तोही मध्ये थांबत थांबत. शेवटची पाच मिनिटं हळू चालायचं. खेळ संपला की धपकन बसू देऊ नका, त्याने भोवळ येते.

उठ-बस नीट शिकवा, कारण सगळ्यात उपयोगी व्यायाम तोच. खुर्ची भिंतीला टेकवलेली. माणूस खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसलेला, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे खेचलेली. नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईल इतकं धड पुढे झुकवायचं आणि मग उठायचं. बहुतेक जण ताठ बसूनच उठायला बघतात, मग जमत नाही आणि "गुडघ्यात जोर नाही" म्हणतात. बसताना मात्र हळू, तीन मोजत. ताबा खरा तिथे लागतो. अजिबात जमत नसेल तर आसनावर घट्ट गादी टाकून उंची वाढवा आणि काही आठवड्यांनी काढून घ्या.

शिकवणाऱ्याने उजेड आपल्या तोंडावर पडेल असं उभं राहायचं. ऐकायला कमी येणारे ओठांकडे बघून समजून घेतात, आणि मागून ऊन असेल तर त्यांना नुसती काळी आकृती दिसते. सूचना देताना गाणी बंद.

पायरी ७ : पहिला महिना

जाहिरातीत "वृद्ध", "आजार", "पडू नका" हे शब्द आले की निम्मे लोक ते दुसऱ्या कोणासाठी तरी आहे असं समजतात. पंचाहत्तरीच्या माणसालाही स्वतःला वृद्ध म्हणवून घ्यायला आवडत नाही. खेळाचं नाव, वार, वेळ, "कधी खेळला नसाल तरी चालेल" आणि एक फोन नंबर, एवढं पुरे. मोबाईलवरच्या संदेशापेक्षा आधी आलेल्या माणसाने केलेला आग्रह जास्त माणसं आणतो. "तुमच्यासोबत एकाला घेऊन या" हे दर वेळी सांगा. अनोळखी माणसाला सरसकट "आजोबा", "आजी" म्हणू नका. नाव विचारा, पुढे काका, ताई, राव, सर जे त्यांना रुचेल ते लावा.

नवा माणूस आला की त्याला कोणीतरी एकाने सोबत करायची. शनिवारी सकाळी पाच किलोमीटर धावण्या-चालण्यासाठी जमणाऱ्या पार्करनमध्ये (२००४ साली लंडनमध्ये याची सुरुवात झाली) सर्वांत शेवटी चालणारा एक स्वयंसेवक ठरलेला असतो, म्हणजे भाग घेणारा कोणीही शेवटचा येत नाही. ही युक्ती जशीच्या तशी उचला.

आणि हजेरी घ्या. किती आले यासाठी नाही, कोण आलं नाही हे कळावं म्हणून. लागोपाठ दोनदा कोणी दिसलं नाही की त्याच दिवशी फोन. "काकू, तुमच्या संघाला एक गडी कमी पडला आज" असा. "का आला नाहीत?" असा नाही. माझ्या मते गट टिकतो की विरतो हे याच फोनवर ठरतं. व्यायामाचे फायदे सगळ्यांना पाठ असतात, पण आपली कोणीतरी वाट बघतं हे माहीत असलं की पाऊल घराबाहेर पडतं. म्हणूनच खेळानंतरचा चहाही कार्यक्रमाचाच भाग धरा आणि त्यासाठी वेळ राखून ठेवा.

पायरी ८ : मोजमाप आणि स्पर्धा

वजन मोजू नका, ते नाउमेद करतं. तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. खुर्ची साधारण ४३ सेंटिमीटर उंच, हात छातीवर आडवे. हात टेकवावे लागले तर शून्य. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ पेक्षा आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी जमलं, किंवा ७५ ते ७९ वयात पुरुषांना ११ पेक्षा आणि स्त्रियांना १० पेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका जास्त धरतात. अशांकडे ताकदीच्या व्यायामात जास्त लक्ष द्या. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा आणि प्रत्येकाचा आकडा फक्त त्यालाच सांगा.

काहींना स्पर्धा हवी असते, त्यांना ती द्या. ज्येष्ठांनी फक्त "मजेसाठी" खेळावं हा आग्रह आपला, त्यांचा नाही. वयाने मोठ्या खेळाडूंसाठीची जागतिक मास्टर्स स्पर्धा १९८५ पासून भरते. २०१७ साली ऑकलंडच्या स्पर्धेत भारताच्या मन कौर यांनी १०१ व्या वर्षी १०० मीटर धावण्यात सुवर्णपदक मिळवलं, आणि त्यांनी धावायला सुरुवात केली होती नव्वदी ओलांडल्यावर. ज्यांना हरणं झोंबतं त्यांच्यासाठी दर सामन्याला चिठ्ठ्या टाकून संघ पाडा, म्हणजे कोणी कायमचा हरणारा राहत नाही.

पायरी ९ : गट त्यांच्या हाती द्या

तीन-चार महिन्यांनी तुम्ही आजारी पडलात किंवा गावाला गेलात तर खेळ होईल का, हे विचारा. उत्तर नाही असेल तर कामं वाटायला लागा. साहित्याच्या खोलीची किल्ली दोघांकडे, हजेरीची वही तिसऱ्याकडे, फोन करायचं काम ज्यांना बोलायला आवडतं त्यांच्याकडे. वर्गणी घ्यायची तर अगदी थोडी, आणि हिशेब सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर लावा. नियम बदलायचे झाले तर मत खेळणाऱ्यांचं. मग एखाद्या दिवशी मुद्दाम जाऊ नका आणि दुसऱ्या दिवशी हजेरीची वही बघा.